पेशीपटल हलतं ठेवायचं : नववीसोबत केलेल्या प्रयोगांच्या नोंदी

११ नोव्हेंबर

गेल्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही पेशीपटलाचं प्रतिमान ठेवलं होतं. थर्माकोलचे गोळे, प्रत्येकाला लोकरीच्या दोन शेपट्या, गोळ्यांच्या समोरासमोर दोन रांगा आणि मधे प्रथिनं म्हणून स्पंजचे रंगीत तुकडे. सगळं फेव्हिकॉलने घट्ट बसवलेलं. दिसायला सुरेख होतं. ते बघून सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, खऱ्या पटलात हे गोळे एकमेकांना कशाने चिकटवलेले असतात?" मी म्हणाले, "रासायनिक बंधाने." घाईत दिलेलं ते उत्तर चुकीचं होतं. ते गोळे म्हणजे फॉस्फोलिपिड नावाच्या मेदाच्या रेणूंची डोकी. शेजारी-शेजारी असलेले हे रेणू अशा बंधाने जोडलेलेच नसतात. डोकं पाण्याला धरून राहतं, शेपट्या पाणी टाळतात आणि आत-बाहेर दोन्हीकडे पाणी असल्यामुळे दोन थर आपोआप शेपटीला शेपटी लावून उभे राहतात. थर एकत्र राहतात ते पाण्यामुळे.

वर्षभर ते उत्तर मनात खुपत होतं. त्यामुळे यंदा ठरवलंय की जे काही करायचं ते हलतं हवं, वाहतं हवं, आणि शक्य तिथे खऱ्या पेशीवर करायचं. नववीतली सहा मुलं आहेत. शाळा सुटल्यावर रोज एक तास मिळेल, हाताशी आठ आठवडे आहेत. खर्च १,५०० रुपयांच्या आत बसवायचा आहे. हेच करू पाहणाऱ्या शिक्षकांना आमच्या चुका तरी उपयोगी पडतील, म्हणून या नोंदी ठेवते आहे.

१३ नोव्हेंबर

सुरुवात साबणाच्या पापुद्र्यापासून केली. दोन प्लास्टिकच्या नळ्या आणि त्यांतून ओवलेला दोरा, अशी चौकट. ती द्रावणात बुडवून वर काढली की मधे पापुद्रा धरतो.

आज तो धरलाच नाही. कपडे धुण्याची वडी किसून बोअरच्या पाण्यात विरघळवली, तर वर पांढरा साका जमला. आमच्याकडे माणदेशात बोअरचं पाणी किती जड असतं ते तोटीवरच्या खपल्यांवरून कळतं. त्यातला कॅल्शियम साबणाला धरतो आणि साबण साका होऊन वेगळा पडतो. मग भांडी घासायचं लिक्विड घेतलं, पाणी तेच. पापुद्रा धरला, पण तीन-चार सेकंदांत फुटला. एक तास वाया गेला आणि मुलं कंटाळली.

१४ नोव्हेंबर

फिल्टरच्या पाण्याचा जार आणला, ३० रुपये. एक लिटर पाणी, शंभर मिली लिक्विड आणि तीन मोठे चमचे ग्लिसरीन घेतलं, ते फेस न करता सावकाश ढवळलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. आज पापुद्रा चाळीस सेकंद टिकला, सकाळी गारव्यात तर मिनिटाच्या वर. पंखा बंद ठेवावा लागतो. दुपारच्या कोरड्या हवेत काहीच टिकत नाही, म्हणून हा प्रयोग पहिल्या तासालाच घ्यायचा असं ठरलं.

१६ नोव्हेंबर

आजचा दिवस चांगला गेला.

कोरडं बोट घातलं की पापुद्रा फुटतो. तेच बोट द्रावणात बुडवून घातलं तर आरपार जातं आणि बाहेर काढल्यावर भोक आपोआप बुजतं. मुलांनी हे तीस-चाळीस वेळा केलं असेल, मी थांबवलं नाही. अमीबा अन्नकण गिळतो तेव्हा त्याचं पटल आत वळतं, तुटतं आणि पुन्हा जुळतं, पण पेशी फुटत नाही. ते का फुटत नाही, हे मुलांच्या बोटांना कळत होतं.

पुढची पायरी दोऱ्याच्या फाशाची. दोऱ्याचं छोटं कडं ओलं करून पापुद्र्यावर अलगद ठेवायचं. ते वेडंवाकडं पडतं. मग कड्याच्या आतला पापुद्रा कोरड्या पेन्सिलीच्या टोकाने फोडायचा. त्या क्षणी कडं ताणून एकदम गोल होतं, आणि चौकट हलवली की ते गोल भोक पापुद्र्यावर इकडून तिकडे सरकतं. आमच्यासाठी हे पटलातलं वाहिनी-प्रथिन, म्हणजे ज्यातून पदार्थ आत-बाहेर जातात ते प्रथिन. भोवतालच्या थरात कुठेही फिरतं, पण थर फाटत नाही. पहिले चार प्रयत्न फसले, कारण दोरा गोधडीचा जाड होता आणि तो सुटून खाली पडायचा. शिलाईच्या साध्या दोऱ्याने लगेच जमलं.

एक गोष्ट फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी लागली: साबणाचा पापुद्रा हा उलटा पेशीपटल आहे. त्यातही रेणूंचे दोनच थर असतात, पण डोकी आत, मधल्या पाण्याकडे, आणि शेपट्या बाहेर हवेकडे. एक मुलगी म्हणाली, "सदरा उलटा घातल्यासारखं." तिचे शब्द मी तसेच तक्त्यावर घेतले.

उभ्या धरलेल्या पापुद्र्याचा वरचा भाग फुटण्याआधी काळा पडतो. तो फाटलेला नसतो, फक्त इतका पातळ होतो की त्यावर रंग दिसत नाहीत. असे काळे पापुद्रे अगदी पातळ झाले तर ५ नॅनोमीटरपर्यंत जातात. पेशीपटलाची जाडी ७ ते ८ नॅनोमीटर असते. म्हणजे पटलाच्या जाडीच्या जवळपास जाणारी एक वस्तू डोळ्यांनी बघता येते, तीही दोन नळ्या आणि दोऱ्यावर. हे कळल्यावर मी स्वतः घरी जाऊन पुन्हा बघत बसले.

२० नोव्हेंबर

आता खऱ्या पेशी. बीट ४० रुपये किलो मिळालं.

बीटचा लाल रंग पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे रसाच्या पिशवीत, कोंडलेला असतो. बाहेर यायचं तर त्याला रिक्तिकेचं पटल आणि पेशीपटल अशी दोन पटलं ओलांडावी लागतात. पटलाबाहेरची भिंत, म्हणजे पेशीभित्तिका, त्याला अडवत नाही. म्हणजे पाणी लाल झालं की पटलं ढिली पडली.

पहिली फेरी पूर्ण वाया गेली. सुरीने तुकडे केले आणि सरळ पाच ग्लासांत टाकले. दहा मिनिटांत पाचही ग्लास सारखेच लाल. साध्या, गार पाण्यातलासुद्धा. कारण उघड आहे, पण आधी सुचलं नाही: सुरीने कापलेल्या पेशींचा रंग सांडतोच. शिवाय तुकडे लहान-मोठे झाले की कापलेला पृष्ठभागही कमी-जास्त होतो.

२१ नोव्हेंबर

तुकडे सारखे करायला स्टीलची स्ट्रॉ वापरली, आठ मिलिमीटर व्यासाची. बीटच्या चकतीत ती दाबून फिरवायची की आत बीटची दांडी अडकते. ती बाहेर काढायला पेन्सिलीचं बूड बरोबर बसतं. मग पट्टीवर ठेवून दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे. सगळे तुकडे चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली धरले. पहिल्यांदा गडद लाल पाणी गेलं, मग गुलाबी, सहा-सात मिनिटांनी स्वच्छ. तरीही भांड्यात पाणी भरून रात्रभर ठेवले आणि सकाळी पाणी बदललं. आता साध्या पाण्यात अर्धा तास ठेवून जेमतेम गुलाबी झाक येते.

ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी धुण्याची पायरी गाळू नये. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

२३ नोव्हेंबर

तापमानाची फेरी. ३०, ४०, ५०, ६० आणि ७० अंशांच्या पाण्यात प्रत्येकी चार तुकडे एक मिनिट ठेवायचे, मग काढून साध्या पाण्याच्या परीक्षानळीत वीस मिनिटं.

४० अंशांची नळी ६०च्या नळीइतकी लाल आली. मुलांनी दोनदा करून पाहिलं, तरी तेच. शेवटी तापमापक बर्फात बुडवला तर त्याने उणे १४ दाखवलं. पाऱ्याची रेघ मधे तुटलेली होती. प्रयोगशाळेतल्या तीन तापमापकांपैकी एकच नीट निघाला आणि तोही संध्याकाळी एका मुलाच्या हातून फुटला. पारा सांडला. मुलांना लगेच बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या, कागदाच्या कडेने थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद केले. झाडू लावायचा नाही, हे सगळ्यांना सांगितलं. घरून स्वयंपाकाचा डिजिटल तापमापक आणायचा होता, पण नवाच घेतला, १५० रुपये. शाळेत पाऱ्याचा तापमापक यापुढे मी वापरणार नाही.

२५ नोव्हेंबर

फेरी पुन्हा. ३० आणि ४० अंशांच्या नळ्या जवळजवळ सारख्या, फिकट. ५०ला स्पष्ट गुलाबी. ६०ला गडद. ७०ला त्याहून गडद, आरपार दिसेना. उडी ५०च्या आसपास सुरू होते हे सहाही मुलांना न सांगता दिसलं.

कारणं दोन आणि ती एकत्र घडतात. उष्णतेने शेपट्यांची हालचाल वाढते आणि थर सैल होतो. तसंच पटलातल्या प्रथिनांचा आकार बिघडतो, अंडं उकडताना पांढरा बलक बिघडतो तसाच, आणि बिघडलेल्या प्रथिनाभोवती फटी पडतात.

एकाने हौसेने ९० अंशांचं पाणी घेतलं आणि तुकडे त्यातच दहा मिनिटं राहू दिले. ते पाणी ७०च्या पाण्यापेक्षा फिकं, विटकरी झालं. त्याला वाटलं, पटलं पुन्हा घट्ट झाली. तसं नाही. बीटचा रंगच तेवढ्या उष्णतेत तुटतो. म्हणून तुकडे गरम पाण्यात एकच मिनिट ठेवायचे आणि रंग गार पाण्यात उतरू द्यायचा.

२८ नोव्हेंबर

"गडद" आणि "जास्त गडद" असं वहीत लिहून समाधान होईना. रंग मोजायचं ठरवलं. खडूचं रिकामं खोकं आतून काळ्या कागदाने मढवलं. मधे परीक्षानळीपुरतं भोक, एका बाजूला एलईडी, समोर एलडीआर, म्हणजे उजेड कमी झाला की ज्याचा रोध वाढतो तो सुटा भाग. रोध मोजायला मल्टिमीटर, २५० रुपये. यंदाचा सगळ्यात मोठा खर्च हाच.

लाल द्रावण म्हणून लाल एलईडी बसवला. साधं पाणी आणि ७० अंशांची नळी, दोन्हींना जवळपास एकच आकडा. पूर्ण संध्याकाळ सोल्डरिंग तपासण्यात गेली. चूक तारांत नव्हतीच. लाल द्रावण लाल दिसतं कारण ते लाल उजेड जाऊ देतं, अडवतं ते हिरव्याला. दोन रुपयांचा हिरवा एलईडी लावला आणि आकडे लगेच वेगळे झाले.

खोक्याला झाकण हवंच. खिडकीचा उजेड आत आला तर आकडा दर मिनिटाला बदलतो.

आजचे आकडे किलोओहममध्ये: साधं पाणी २.१, ३० अंश २.३, ४० अंश २.५, ५० अंश ४.८, ६० अंश ११ आणि ७० अंश १९. आलेख मुलांनी काढला. ४०पर्यंत रेघ जमिनीला लागून चालते आणि मग घाट चढते.

१ डिसेंबर

फ्रीझर आणि स्पिरिट.

रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेले तुकडे साध्या पाण्यात सोडले. पाच मिनिटांत आकडा २० किलोओहमच्या वर. ७० अंशांपेक्षाही जास्त! मुलांना हे पटेना, कारण "थंडीत वस्तू टिकते" हे घरातलं ज्ञान. वस्तू टिकते, पण पेशी टिकत नाही. आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि त्याचे स्फटिक पटल चिरतात. फ्रीझरमधून काढलेली पालकाची जुडी वितळल्यावर अशी लोळागोळा का होते, ते एका मुलीने स्वतःहून सांगितलं.

स्पिरिट औषधाच्या दुकानातून आणलं, ७० रुपये. दहा, वीस आणि चाळीस टक्के अशी पातळ द्रावणं केली. दहा टक्क्याला फारसं काही नाही, चाळीसला दोन मिनिटांत गडद. स्पिरिट मेदाच्या थरात घुसतं आणि प्रथिनंही बिघडवतं. वर्गात त्या वेळी गॅस किंवा स्पिरिटचा दिवा पेटता ठेवायचा नाही.

५ डिसेंबर

एका पुस्तकी मुद्द्याची परीक्षा घ्यायची होती. कॅल्शियम पटलाला आवळून धरतो, कारण फॉस्फोलिपिडच्या काही डोक्यांवर ऋण प्रभार असतो आणि दोन धन प्रभारांचा कॅल्शियम शेजारच्या दोन डोक्यांना धरू शकतो. कॅल्शियम म्हटल्यावर पानाच्या टपरीवरचा चुना आठवला. चुन्याची निवळी केली आणि तुकडे टाकले.

पाणी पिवळं झालं. लाल नाहीच, पिवळं. आम्ही सगळे बघतच राहिलो. पटलाचा इथे संबंध नव्हता. चुन्याची निवळी तीव्र आम्लारिधर्मी असते आणि तशा पाण्यात बीटचा लाल रंग तुटून पिवळा होतो. एका प्रयोगात आम्ही दोन गोष्टी बदलल्या होत्या, कॅल्शियम आणि आम्लता. मोजमाप निरर्थक ठरलं.

कनिष्ठ महाविद्यालयातून थोडं कॅल्शियम क्लोराइड मागून आणलं. त्याच्या दोन टक्क्यांच्या द्रावणात तुकडे आधी अर्धा तास ठेवले, मग ५० अंशांचा प्रयोग. आकडा ४.८ऐवजी ३.४. फरक लहान आहे, पण तिन्ही वेळा त्याच दिशेने आला. बरणीतली कैरी कडक राहावी म्हणून लोणच्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवणाऱ्या घरांत हेच मूलद्रव्य कामी येतं, फक्त तिथे ते मुख्यतः पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनला बांधतं.

१० डिसेंबर

अंड्याचा प्रयोग सगळेच करतात. व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवलं की कवच विरघळतं आणि रबरासारखं अंडं उरतं. आमचं ७६ ग्रॅम भरलं. साखरेच्या पाकात एक रात्र ठेवल्यावर ४९ ग्रॅम, पुन्हा पाण्यात ठेवल्यावर ८३.

इथे मी मुलांना चुकीचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तसं कबूल केलं. "हे अंड्याचं पेशीपटल" असं मी म्हणाले होते. ते पेशीपटल नाही. कवचाच्या आतला तो पापुद्रा प्रथिनांच्या तंतूंनी विणलेला, निर्जीव आहे. त्यात फॉस्फोलिपिडचे दोन थर नाहीत आणि तो नखात धरून सोलता येतो. पेशीपटल असं सोलता आलं असतं तर काय हवं होतं! परासरण, म्हणजे पापुद्र्यातून होणारी पाण्याची ये-जा, दाखवायला अंडं उत्तम आहे, पटलाची रचना दाखवायला नाही. बऱ्याच तक्त्यांवर ही चूक दिसते.

१६ डिसेंबर

लाल कांदा. त्याच्या पाकळीच्या बाहेरच्या, रंगीत बाजूचा पापुद्रा चिमट्याने ओढून काढला, काचपट्टीवर पाण्याचा थेंब, वर आच्छादक काच. सूक्ष्मदर्शकाखाली विटांच्या भिंतीसारख्या रांगा, प्रत्येक वीट कडेपर्यंत गुलाबी.

आता आच्छादकाच्या एका कडेला पाच टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावला. अर्ध्या मिनिटात गुलाबी भाग आधी कोपऱ्यांतून सुटायला लागतो, मग बाजूंनी, आणि शेवटी प्रत्येक चौकटीत एक गोलसर गुलाबी थेंब उरतो. चौकट, म्हणजे पेशीभित्तिका, आहे तशीच. भित्तिका आणि पटल वेगळी आहेत हे मी चौदा वर्षं फळ्यावर काढून दाखवते आहे, इतकं स्पष्ट कधी दाखवता आलं नव्हतं. यालाच रसाकुंचन म्हणतात. पाणी बाहेर गेलं, रंग मात्र आतच राहिला, उलट दाटला. निवडक्षम पारपटल या शब्दाचा अर्थ त्या गुलाबी थेंबात आहे.

साधं पाणी सोडलं की थेंब फुगून पुन्हा चौकट भरतो. नंतर भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब सोडला. काही वेळ काहीच नाही, आणि मग एकेका चौकटीतला रंग विरून गेला. कुठे सगळा एकदम, कुठे शेजारच्या पेशीनंतर मिनिटभराने. लिक्विडचे रेणू फॉस्फोलिपिडना आपल्यात ओढून घेतात आणि पटलच विरघळतं. कुणी बोलत नव्हतं. एक मुलगा हळूच म्हणाला, "गेली."

चूक एकच: पहिल्या खेपेला मीठ वीस टक्के घेतलं आणि पाणी परत दिल्यावर पेशी भरल्या नाहीत. पाच टक्केच घ्यावं, आणि दोन-तीन मिनिटांत परत फिरावं.

१९ ते २३ डिसेंबर

प्रतिमान. गेल्या वर्षीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच द्यायचं होतं.

धुण्याचा टब, पाणी, आणि डोकी म्हणून पाण्याच्या बाटल्यांची झाकणं. गावातल्या हॉटेलांतून आणि लग्नाच्या मांडवांतून २०० झाकणं जमवली. प्रत्येकात दोन शेपट्या म्हणून नळीचे तुकडे उभे. डोकं पाण्यात, शेपट्या हवेत.

सगळी झाकणं कलंडली. नळ्या सहा सेंटिमीटरच्या होत्या, त्या तीनवर आणल्या, तरी कलंडली. बुडाला वजन म्हणून शाडू भरला तर तो भिजून टब गढूळ झाला. शेवटी झाकणात वाळू टाकून वर मेणबत्तीचं मेण ओतलं. त्याने वाळूही धरली आणि नळ्याही. अर्धा चमचा वाळू घातलेली झाकणं बुडाली, पाव चमचा बरोबर. तीन संध्याकाळी यात गेल्या.

सोडलेली झाकणं आपोआप एकमेकांकडे सरकून गठ्ठा करतात. मुलं ओरडली, "बाई, चिकटवलं नाही तरी जवळ आली!" मला मोह झाला होता, पण इथेही खरं सांगितलं: झाकणं जवळ येतात ती पाण्याच्या पृष्ठभागाला पडलेल्या खळग्यांमुळे, पटलातले रेणू एकत्र राहतात ते शेपट्या पाण्यापासून दूर राहतात म्हणून. कारणं वेगळी. साम्य इतकंच, की डिंक कुठेच नाही. टबात एकच थर आहे, खरा दुसरा थर याच्या उलटा असतो, हेही पाटीवर लिहिलं.

प्रथिनं म्हणून आधी चाळीस चेंडू टाकले, कारण पाठ्यपुस्तकात आहे की माणसाच्या तांबड्या पेशीच्या पटलात ५२ टक्के प्रथिनं आणि ४० टक्के मेद असतात. पण ते प्रमाण वजनाचं आहे. प्रथिनाचा रेणू फॉस्फोलिपिडपेक्षा कितीतरी मोठा, म्हणून निम्मं वजन प्रथिनांचं असलेल्या पटलात एका प्रथिनामागे साधारण ५० मेदरेणू येतात. २०० झाकणांना ४ चेंडू. छत्तीस चेंडू काढून टाकले आणि टब एकदम खरा दिसायला लागला.

दोन लाल चेंडू एका कडेला, दोन हिरवे दुसऱ्या कडेला ठेवून टब हळू हलवत राहिलो. काही मिनिटांत ते मिसळले. फ्राय आणि एडिडिन यांनी १९७०मध्ये उंदराची आणि माणसाची पेशी एकमेकींत मिसळवून, दोघींच्या पटलावरच्या प्रथिनांना वेगवेगळे चमकणारे रंग लावून हेच पाहिलं होतं. ३७ अंशांना ४० मिनिटांत प्रथिनं पूर्ण मिसळली, थंडीत मिसळली नाहीत. दोन वर्षांनी, १९७२मध्ये, सिंगर आणि निकोलसन यांनी पटलाचं आज शिकवलं जाणारं वाहतं चित्र मांडलं. एक फॉस्फोलिपिड आपल्या थरात शेजाऱ्याशी सेकंदाला सुमारे १ कोटी वेळा जागा बदलतो. हा आकडा सांगितल्यावर एका मुलीने टब हलवायचा वेग वाढवून पाहिला, मग सोडून दिलं.

थंडीत का मिसळत नाहीत, याचं उत्तर सकाळी घरातच मिळालं. खोबरेल तेल बाटलीत गोठलं होतं, शेजारी करडईचं तेल मात्र पातळ होतं. दोन्ही बाटल्या शाळेत नेल्या. खोबरेलातल्या शेपट्या बहुतेक सरळ, त्या एकमेकींना लागून बसतात. करडईच्या शेपट्यांत दुहेरी बंधामुळे वाक असतो, त्या दाटीने बसू शकत नाहीत. पटलातही हेच. दोन नळ्यांपैकी एक मधे वाकवलेली अशी पन्नास झाकणं लगेच तयार केली.

दोन थरांचा शोध कसा लागला तेही टबातच दाखवता आलं. १९२५मध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला आणि पट्टीने सरकवत गच्च केला. क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणजे थर दोन. त्यांच्याकडून मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी कमी मोजला होता. दोन चुकांनी एकमेकींना खोडलं आणि उत्तर बरोबर आलं. पाण्यावर पसरलेला थर पट्टीने सरकवून मोजायची युक्ती त्याआधी जर्मनीत आग्नेस पोकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात केलेल्या प्रयोगांत वापरली होती आणि १८९१मध्ये त्यांचं पत्र 'नेचर'मध्ये छापून आलं. हे मी मुलींना मुद्दाम दोनदा सांगितलं.

४ जानेवारी

प्रदर्शन. सभागृहात डोक्यावर पंखे, बंद करता येईनात. साबणाचे पापुद्रे टिकले नाहीत, म्हणून खोक्याच्या तीन बाजू उभ्या करून आडोसा केला. बीटच्या नळ्या आदल्या दिवशी भरून नेल्या होत्या. खिडकीतल्या उन्हात दुपारपर्यंत ५० आणि ६०च्या नळ्या सारख्याच फिक्या दिसायला लागल्या. हा रंग उजेडात टिकत नाही, नळ्या त्याच दिवशी करायच्या आणि झाकून ठेवायच्या.

परीक्षकांनी विचारलं, "प्रतिमान कुठे आहे?" मुलांनी टब दाखवला. ते म्हणाले, यात दोन थर दिसत नाहीत. बरोबर आहे, दिसत नाहीत. मुलांनी उलट्या सदऱ्याचा तक्ता दाखवला, मग पापुद्रा, मग कांदा. आम्हाला क्रमांक मिळाला नाही. मला वाईट वाटलं, मुलांपेक्षा जास्त. गेल्या वर्षी प्रश्न विचारणारा मुलगा आता आठवीत आहे. तो टबाजवळ बराच वेळ उभा राहून चेंडू कडेला नेत होता आणि सोडत होता.

९ जानेवारी

हिशेब: एकूण १,०९३ रुपये. मल्टिमीटर आणि तापमापक पुढच्या वर्षी पुन्हा चालतील. ते सोडले तर खर्च सातशेच्या आत बसतो. वाया गेलेले दिवस मोजले तर आठ: पाण्याचा एक, तापमापकाचे दोन, लाल एलईडीचा एक, चुन्याचा एक, झाकणांचे तीन.

राहिलेलं काम: ४५ ते ६० अंशांमध्ये दर तीन अंशांनी मोजणी.

आणि एका मुलीचा प्रश्न. वनस्पती थंडीत वाढली तर तिच्या पटलांत वाकलेल्या शेपट्या जास्त असतात, हे मी सांगितलं होतं. ती म्हणाली, मग थंडीतलं बीट आणि उन्हाळ्यातलं बीट एकाच तापमानाला गळेल का? मला उत्तर माहीत नाही. आज शाळेच्या मागे बीटसाठी दोन ओळी आखल्या. एक ओळ लगेच टोकली, दुसरी फेब्रुवारीच्या शेवटी लावायची. पहिली मार्चमध्ये काढू, दुसरी मेमध्ये. सुट्टीत पाणी घालायची पाळी त्या सहा जणांनी वहीत लिहून घेतली आहे.